फर्ग्युसन टीई-२० ला जीपचं डिझेल इंजिन: बसतं, पण आधी सांगाडा आणि गव्हर्नर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराकडे १९५० च्या दशकातला फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर पडून आहे. पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक गेलाय. महिंद्राच्या जुन्या कमांडर जीपचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन चालू स्थितीत मिळतंय. ते बसेल का, काय काय करावं लागेल, आणि नंतर त्यावर फवारणीचा ब्लोअर आणि कांद्याची ट्रॉली चालेल का?

बसतं. पण "मोठं इंजिन म्हणजे जास्त ओढ" या हिशेबाने पैसे घालणार असाल तर आधी थोडं गणित बघा. आणि त्याच्याही आधी, ब्लॉक नक्की कुठे गेलाय ते नीट पाहा. स्टँडर्ड मोटर कंपनीच्या या इंजिनाला वेट लायनर असतात, म्हणजे लायनर सरळ पाण्यात उभे असतात आणि हाताने निघतात. लायनर झिजले किंवा खालच्या आठाच्या आकाराच्या गॅस्केटमधून पाणी चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्यात) उतरलं, की पुष्कळदा "ब्लॉक गेला" असा निकाल लागतो. तो चुकीचा असतो. नवे लायनर-पिस्टन टाकून लायनरची कड ब्लॉकच्या वर ०.०८ ते ०.१३ मिमी उभी राहिली, की इंजिन पुन्हा उभं राहतं. पाण्याच्या बाहेरच्या भिंतीला चीर असेल तर तीही स्टिचिंग करून बंद होते. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल किंवा मेन बेअरिंगच्या बैठकीला चीर असेल, तरच ते सोडून द्या.

समजा ते खरंच गेलंय. मग कमांडरचं इंजिन ही निवड वाईट नाही. ८८.९ मिमी बोअर आणि १०१.६ मिमी स्ट्रोक, म्हणजे साडेतीन इंच बाय चार इंच. इंची मापं सांगतात तसं हे घराणं मुळात इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनांचं आहे. लांब स्ट्रोक, कमी फेऱ्यांत ओढ, पोलादी-बिडाचा जड कारभार. पेट्रोल कारचं इंजिन किंवा हलकं, जास्त फिरणारं डिझेल यापेक्षा हे कितीतरी बरं. कॉमनरेलचं बोलेरो इंजिन मात्र घेऊ नका. ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर, वायरिंगचा जुडगा, आणि गव्हर्नरचं, म्हणजे फेरे काबूत ठेवण्याचं, काम सॉफ्टवेअरमध्ये अडकलेलं. शेतातल्या धुळीत आणि उंदरांच्या तोंडी ते टिकत नाही.

आता गणित. जीपमध्ये हे इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या आसपास पन्नास ते साठ अश्वशक्ती देतं. पण ट्रॅक्टरात तुम्ही ते ३२०० वर नेणारच नाही. टीई-२० चा पीटीओ (मागून अवजार फिरवणारा शाफ्ट) इंजिनाच्या १५०० फेऱ्यांना साधारण ५४५ फिरतो. ३२०० ला तो ११६० च्या वर जाईल, आणि ५४० साठी बनवलेल्या ब्लोअरचा पंखा त्या वेगाला टिकेल अशी आशा कुणी करू नये. हायड्रॉलिक पंपही त्याच शाफ्टवर आहे. शिवाय चौथ्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांना ट्रॅक्टर ताशी २१ किलोमीटर धावतो. ३२०० ला ३४. स्प्रिंग नसलेला पुढचा अॅक्सल आणि फक्त मागच्या चाकांना ड्रमब्रेक, यावर ३४ चा वेग म्हणजे खड्ड्यात जाण्याची सोय. तेव्हा कमाल २००० ते २२००. त्या फेऱ्यांना हे इंजिन ४० च्या आसपास अश्वशक्तीचं आहे, आणि मूळ इंजिन तिशीच्या आतलं होतं. खरी वाढ एवढीच.

ती वाढ कामाला कुठे येते? टायरवरचं वजन ठरलेलं आहे. ट्रॅक्टर सगळा मिळून सव्वा टनाच्या आत, मागच्या चाकांवर चालकासह साधारण ८०० किलो. कोरड्या घट्ट जमिनीत पकड ०.६ धरली तर ओढ ४८० किलोच्या आसपास, आणि १०-२८ टायरची त्रिज्या सुमारे ०.६ मीटर धरली तर अॅक्सलवर २९० किलोग्रॅम-मीटर टॉर्क झाला की चाक घसरतं. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर ८० च्या घरात आहे. म्हणजे इंजिनाकडून चारेक किलोग्रॅम-मीटर आलं तरी चाक फिरून जातं, आणि मूळ इंजिन सहज दहा देत होतं! पहिल्या-दुसऱ्यात नव्या इंजिनाने काहीही वाढत नाही. वाढतो तो उलटण्याचा धोका. फरक पडतो मुख्यतः चौथ्या गिअरमध्ये आणि पीटीओवर. गुणोत्तर स्वतः मोजायचं असेल तर एक मागचं चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गिअर टाका आणि हँडलने इंजिन फिरवा. उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांना इंजिनाचे जितके फेरे लागतील, ते त्या गिअरचं गुणोत्तर. एक फेरी धरली तर डिफरन्शियलमुळे आकडा निम्माच येईल.

याच कारणाने हौसेने मागच्या चाकांत पाणी भरून वजनं लावू नका. चाक घसरणं हा या गिअरबॉक्सचा फ्यूज आहे. तो घट्ट केला की पुढचा कमकुवत दुवा म्हणजे गिअरचे दात आणि अॅक्सल.

आता मूळ काम, सांगाडा. फर्ग्युसनला चॅसिस नाही. पुढचा अॅक्सल ज्या ब्रॅकेटवर झुलतो तो इंजिनाच्या तोंडाला बोल्टने बसतो, इंजिनाचं ओतीव बिडाचं चेंबर वजन पेलतं, आणि इंजिनाची पाठ गिअरबॉक्सला. इंजिन म्हणजेच ट्रॅक्टरचा कणा. जीपचं चेंबर पत्र्याचं असतं आणि ब्लॉक रबरी माउंटिंगवर लोंबण्यासाठी बनवलेला असतो. तो तसाच मधे बोल्टने आवळला तर पहिल्या ढेकळाला चेंबरचं गॅस्केट गळेल, आणि काही महिन्यांत ब्लॉकचे कान तडकतील. नांगर उचलला की कणा एकीकडे वाकतो, ट्रॉलीसह ब्रेक मारला की उलट. ही वाकवणी रोज शेकडो वेळा होते.

म्हणून दोन बाजूंनी रेल लागतात. १०० बाय ५० चं चॅनल, आतून ६ मिमी पट्टी वेल्ड करून पेटीसारखं बंद केलेलं, या वजनाला पुरतं. पुढे ते अॅक्सलच्या ब्रॅकेटला, मागे अडॅप्टर प्लेटच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या जाड प्लेटच्या) दोन्ही कानांना, आणि तिथून पुढे किमान ३०० मिमी गिअरबॉक्सच्या कडेने नेऊन तिथल्या आधीच असलेल्या बोल्टांच्या जागी. फक्त प्लेटवर थांबलात तर सगळा वाक प्लेटच्या बोल्टांवर येतो आणि ते एकेक करून ढिले होतात. बोल्ट १०.९ ग्रेडचे घ्या, गिअरबॉक्सकडे मात्र तेवढ्याच ताकदीचे इंची. गिअरबॉक्सच्या भोकांत इंची आटे आहेत. "जवळपास बसतोय" म्हणून मेट्रिक बोल्ट ठोकला की बिडातले आटे गेले, आणि ते परत आणायला हेलिकॉइलच्या मागे फिरावं लागतं.

रेल घातल्यावर इंजिन कसं धरायचं, हा खरा निर्णय. मागून ते अडॅप्टर प्लेटला घट्ट, पुढून एकाच मऊ रबरी माउंटिंगवर. पुढेही दोन्ही रेलला घट्ट आवळलंत तर रेल पिळले की पिळ ब्लॉकमध्ये जाणार. आणि मागे रबर लावलंत तर इनपुट शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत राहणार नाहीत. यात मधला मार्ग नाही.

अडॅप्टर प्लेट २५ मिमी एमएसची करा. अॅल्युमिनियम इथे नको, कारण ही प्लेट फक्त जोड नाही, वजनही पेलते. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंग करून मिळतं, पण लेझरने सगळी भोकं पूर्ण मापात कापून घेऊ नका. लेझरच्या भोकाला खाली-वर टेपर येतो आणि कड कडक होते, मग तिथे रीमर चालत नाही. मधलं मोठं बोअर ३ मिमी कमी ठेवून कापा, दोन्ही बाजू सरफेस ग्राइंडिंगने समांतर करा, आणि मग व्हीएमसीवर (संगणकी मिलिंग मशीनवर) एकाच सेटिंगमध्ये बोअर आणि भोकं घ्या. जाडी मनाने ठरवायची नाही. गिअरबॉक्सच्या तोंडापासून इनपुट शाफ्टच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, जीपच्या बॅकप्लेटपासून क्रँकमधल्या पायलट बेअरिंगपर्यंतचं मोजा. शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये १२ ते १५ मिमी शिरलं पाहिजे आणि तळाला २-३ मिमी मोकळीक उरली पाहिजे. टोक तळाला टेकलं तर बोल्ट आवळताना गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग मरतं आणि ते पहिल्या दिवशी कळत नाही. पायलट बेअरिंग बहुधा बदलावं लागेल. बाहेरून जीपच्या क्रँकचं माप आणि आतून फर्ग्युसनच्या शाफ्टचं, असं पितळी बुश लेथवर करून घेतलं तरी चालतं.

सेंटरिंग हा सगळ्या कामाचा प्राण. प्लेट इंजिनाला हलकी आवळा, डायल गेजचा चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर बसवा, टोक प्लेटच्या बोअरला लावा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काटा एकूण ०.१५ मिमीच्या आत हलला पाहिजे. सरकणं त्याच्या निम्मं असतं: काटा ०.४ दाखवत असेल तर प्लेट ०.२ सरकवायची. मग तोंडावर काटा लावून तीच तपासणी, तिथेही ०.१५. जमलं की बोल्ट आवळा, परत मोजा, आणि मगच समोरासमोरच्या दोन भोकांत १२ मिमीचे डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) रीमर करून ठोका. डॉवेलशिवाय प्लेट पुन्हा काढून बसवली की सगळं मोजमाप वाया. गिअरबॉक्स जोडताना प्रत्येक बोल्ट थोडा आवळला की शाफ्ट हाताने फिरवून बघा. जो बोल्ट आवळल्यावर जड लागला त्याच्या बाजूला काहीतरी अडलंय. बोल्टाच्या जोरावर दोन तोंडं एकत्र आणायची नसतात.

चुकीचं सेंटरिंग कसं ओळखायचं? क्लच दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज, तो पायलट बेअरिंगचा. आणि काही तासांनी बेल हाउसिंगचं (क्लचभोवतीच्या कवचाचं) झाकण काढलं तर स्प्लाइनभोवती (शाफ्टवरच्या खाचांभोवती) तांबूस भुकटी. तो नुसता ओलाव्याचा गंज नव्हे, घासून झिजलेलं स्प्लाइनचंच लोखंड आहे.

क्लचप्लेट दुहेरी वंशाची करावी लागते: मधला हब फर्ग्युसनच्या स्प्लाइनचा, बाहेरची चकती जीपच्या प्रेशर प्लेटच्या मापाची. क्लचचं काम करणारे हब बदलून रिव्हेट करून देतात. हबवर दणके झेलणाऱ्या स्प्रिंग असलेलीच चकती घ्या. चार सिलिंडर डिझेलचे धक्के जुन्या दातांना सरळ पोचू देऊ नका. जास्त ताकदीची प्रेशर प्लेट मुद्दाम टाळा. ओव्हरलोडला क्लच घसरला तर प्लेट जाते, न घसरला तर गिअर जातो. फ्लायव्हीलचा बाहेरचा घेर गिअरबॉक्सच्या पोकळीत अडतो का, ते प्लेट कापण्याआधी पुठ्ठ्याच्या साच्यावर बघा, आणि सेल्फची जागाही तिथेच ठरवा.

आता गव्हर्नर. इथे लोक सर्वांत जास्त फसतात. गाडीच्या डिझेल पंपावरचा गव्हर्नर बहुधा फक्त दोन टोकं सांभाळतो: आयडलिंग आणि कमाल फेरे. मधल्या वेगात चालकाचा पाय हाच गव्हर्नर. ट्रॅक्टरात उलट हवं. लिव्हर १५०० वर ठेवला की लोड आला तरी, गेला तरी १५००. तसं नसेल तर ब्लोअर चालू असताना ओळीच्या टोकाला लोड उतरला की फेरे उसळतात, चढाला मरतात, आणि फवारणीचं औषध एका वेलीवर दाट तर दुसऱ्यावर विरळ पडतं. पंप टेस्ट बेंचवर न्या आणि सगळ्या वेगांना चालणारा गव्हर्नर बसवून मागा. त्या पंपाला तो बसत नसेल तर बसणारा पंप घ्या. सेटिंग स्पष्ट सांगा: लोडशिवाय कमाल २२००, आणि डिझेलची कमाल मात्रा इतकी की २००० फेऱ्यांना ४० अश्वशक्तीच्या वर जाणार नाही. मात्रेचा स्क्रू नंतर सील करून घ्या, नाहीतर धूर कमी वाटला म्हणून कुणीतरी तो फिरवतोच.

पीटीओबद्दल आणखी एक. टीई-२० चा पीटीओ शाफ्ट १ इंच आणि १ अष्टमांश व्यासाचा आहे, आजच्या अवजारांचा १ इंच आणि ३ अष्टमांश. वाढीव स्लीव्ह मिळते. पण शाफ्ट आत बारीकच राहतो, तेव्हा ४० अश्वशक्ती त्यातून रोटाव्हेटरला द्यायचा विचार सोडा. ब्लोअरला हरकत नाही. या ट्रॅक्टरात क्लच दाबला की पीटीओही थांबतो, किंवा थांबायला हवा. प्रत्यक्षात ब्लोअरचा जड पंखा उलटा गिअरबॉक्सला फिरवत राहतो आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. ओळीच्या टोकाला हे जिवावर बेतू शकतं. ओव्हररनिंग स्लीव्ह (एकाच दिशेने ताकद नेणारी) लावा, तीच वाढीव मापाचीही मिळते.

जीपचं इंजिन लांब पडल्याने पुढचा अॅक्सल पुढे सरकवावा लागला, तर स्टिअरिंगचा विचार एकत्र करा. फर्ग्युसनला दोन्ही बाजूंनी दोन लांब दांडे आहेत: रेडियस रॉड आणि ड्रॅग लिंक. ते समांतर असल्यामुळेच चाकं आत-बाहेर घेतली तरी स्टिअरिंग बिघडत नाही. व्हीलबेस १०० मिमीने वाढला तर चारही दांडे तेवढेच वाढले पाहिजेत. कापून टोकाला टोक वेल्ड करायचं नाही; आत सळई किंवा बाहेर नळी घालून, दोन्ही बाजूंना तिरकं वेल्ड आणि प्लग वेल्ड. पुढचे ४.००-१९ टायर या वजनाला अपुरे आहेत, ६.००-१६ लावा.

कूलिंगला कंजूषी नको. गाडीच्या रेडिएटरला पळत्या गाडीचा वारा मिळतो. ब्लोअर चालवणारा ट्रॅक्टर ताशी चार-पाच किलोमीटरने जातो आणि निफाड-येवल्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. ४५-५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा, आणि पंख्याभोवती बंद पत्र्याचा श्राउड. पात्यांची कड अर्धी श्राउडच्या आत, अर्धी बाहेर. इलेक्ट्रिक पंखा एकट्याच्या भरवशावर नको. थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आपल्याकडे आहे, ती इथे करू नका; थंड चालणारं डिझेल लायनर लवकर खातं.

बाकीचं झटपट. पेट्रोलच्या टाकीला रिटर्न लाइन (उरलेलं इंधन परत आणणारी नळी) नसते, डिझेलला लागते. टाकी आतून धुऊन पाण्याचा सेपरेटर लावा. एअर फिल्टर ट्रॅक्टरचा, प्रीक्लीनरसह. सायलेन्सर उभा ठेवू नका, बागेत तार आणि कोवळी फूट दोन्ही भाजतात. खालून कडेला काढा. बॅटरी १२ व्होल्ट, किमान ८८ अँपिअर-तास. या ट्रॅक्टरात गिअर लिव्हर "एस" वर नेला की सेल्फ लागतो, म्हणजे गिअरमध्ये असताना तो चालूच होत नाही. ही सोय काढून बटण बसवू नका. तो जुना स्विच फक्त रिलेला द्या आणि जड करंट सोलेनॉइडमधून न्या.

कागदपत्रांचं. इंजिन क्रमांक, इंधन आणि अश्वशक्ती आरसीवर असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत काम सुरू करण्याआधी लेखी विचारा. परवानगी नसेल तर हा ट्रॅक्टर बांधाच्या आतच ठेवा. त्यामुळे लासलगावला कांद्याची ट्रॉली हा विषय माझ्या मते इथेच संपतो. विमा नाकारला जाईल हे एक, आणि भरलेली ट्रॉली थांबवण्याइतके ब्रेक या ट्रॅक्टरला कधीच नव्हते. शेतात ओढायचीच असेल तर हूक अॅक्सलच्या खालीच हवा. वर बांधलेल्या साखळीने हे हलकं ट्रॅक्टर क्षणात मागे उलटतं.

वेळ एप्रिल छाटणीनंतरची धरा, म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या फवारण्यांआधी चुका सापडतील. पहिल्यांदा चालू करताना एअर इनटेकपाशी लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा. पंप नुकताच उघडलेला असतो, त्यातला डिझेलची मात्रा ठरवणारा रॅक अडकला तर इंजिन सुसाट पळतं आणि हवा बंद करणं हाच उपाय उरतो. फळीच, तळहात नाही. दहा मिनिटं आयडलिंग, मग लोडशिवाय १५०० वर अर्धा तास, टॅकोमीटरने पीटीओचे फेरे प्रत्यक्ष मोजून. त्यानंतर ब्लोअर पाण्याने भरून दोन तास. पहिल्या १० तासांनी प्लेटचे आणि रेलचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, नंतर ५० तासांनी परत. ५० तासांना बेल हाउसिंगचं झाकण काढून तांबूस भुकटी आहे का ते बघा. असेल तर ट्रॅक्टर तिथेच थांबवून सेंटरिंग पुन्हा मोजा.